दुष्काळ-निवारण आणि भाजीपाला

(समितीच्या वार्षिक सभेंत वर्गणीदार, व्यापारी व बागाईतदार मंडळींपुढें झालेलें भाषण. सभेच्या इच्छेवरून अहवालासोबत छापिलें आहे.)



दुष्काळ म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर रिकामें धान्याचें कोठार येतें, आटलेली विहीर येते, आणि दावणीला हाडांचा सांपळा होऊन उभें असलेलें जनावर येतें. भाजीचें रिकामें टोपलें कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीं. आजवर ह्या व्यासपीठावरून धान्यासाठीं, चाऱ्यासाठीं व पाण्यासाठीं आपणांस अनेकवार हांक घातली गेली, आणि आपण ती खालीं पडूं दिली नाहीं. तिचा जमाखर्च अहवालाच्या उत्तरार्धांत छापिला आहे. त्याविषयीं मला कांहीं सांगावयाचें नाहीं. मला आज बोलावयाचें आहे तें भाजीविषयीं. ‘भाजी ती काय, मिळाली तर खावी, न मिळाली तर चटणी-भाकरीवर भागवावें,’ असें म्हणणारे सद्गृहस्थ ह्या सभेंतही असतील. त्यांनींच हें भाषण अधिक लक्ष देऊन ऐकावें अशी माझी विनंति आहे.

हा वाद आजचा नाहीं. इ. स. १८७६ ते १८७८ ह्या वर्षांत दक्षिणेंत व आपल्या देशावर जो घोर दुष्काळ पडला, त्यांत सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणून ठेविला. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं ह्याला कसून विरोध केला. एवढ्यावर खडी फोडणारा माणूस जगणार नाहीं, धान्य दीड पौंड तरी पाहिजे, आणि त्याच्या जोडीला पौष्टिक पदार्थ व भाजीपाला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. आपल्या मुंबई इलाख्यांत तर हजारों मजूर कामें टाकून निघून गेले, आणि त्यांची कैफियत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सरकारापुढें मांडिली. शिध्यांत भाजी असावी कीं नसावी, हा प्रश्न तेव्हांपासून दुष्काळ-निवारणाच्या कागदांत आहे. दर वेळीं धान्याचा आंकडा ठरतो, भाजीचा मागाहून पाहूं म्हणून राहून जातो.

त्या काळीं लोक भाजीवांचून राहिले असें मात्र नाहीं. सरकारी शिध्यांत नव्हती ती भाजी त्यांनीं माळावरून, ओढ्याकांठून, पडीक रानांतून खुडून आणिली. टाकळा, तांदुळजा, घोळ, कुरडू, पाथरी, शेवग्याचा पाला ह्यांवर कितीक घरें तगलीं. १८९६ व १८९९ ह्या दोन सालांपासून सुरू झालेल्या दुष्काळांनंतर, १९०२ सालीं, जी. ए. गॅमी यांनीं मुंबई इलाख्यांत टंचाईच्या काळीं लोक ज्या वनस्पति खातात त्यांवर एक टिपणच प्रसिद्ध केलें. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञानें लिहून ठेवावी इतकी ही गोष्ट ठळक होती. आपल्या आज्या-पणज्यांस तें टिपण वाचावें लागलें नाहीं; त्यांना तें तोंडपाठ होतें.

आतां आपण देशाच्या आजच्या भाजीपाल्याकडे वळूं. व्यापारी मंडळींपुढें बोलावयाचें म्हणजे आंकडे आधीं मांडावे हें बरें.

स्वातंत्र्य मिळालें तेव्हां आणि त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षें देशाचें सारें लक्ष धान्यावर होतें, व तें योग्यच होतें. ‘अधिक धान्य पिकवा’ ही त्या काळची घोषणा; १९६० नंतरच्या दशकांत जी हरित क्रांति झाली तीही गहूं व भात यांची. भाजीकडे पाहण्यास सवड नव्हती. बटाटा १९५०-५१ सालीं देशांत अवघा सोळा-सतरा लक्ष टन पिकत होता. पुढें हळूहळू पालट झाला. १९६७ सालीं बंगळुराजवळ हेसरघट्टा येथें फळें-भाज्यांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था निघाली. कांदा व लसूण यांसाठीं १९९४ सालीं निराळें केंद्र निघून तें पुढें आपल्या राजगुरुनगरास आलें. संकरित बियाणें आलीं, १९८८ च्या बियाणें-धोरणानें त्यांचा व्यापार मोकळा झाला. ठिबक सिंचन आलें. २००५ सालीं राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झालें. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रस्ते झाले, व शहरांत भाजी विकत घेणारा पैसेवाला गिऱ्हाईक वाढला.

ह्या सर्वांचें फळ पाहा. १९९१-९२ सालीं देशांत भाजीपाला पिकला सुमारे ५ कोटि ८५ लक्ष टन. २००१-०२ सालीं ८ कोटि ८६ लक्ष टन. २०१०-११ सालीं १४ कोटि ६५ लक्ष टन. २०२२-२३ सालीं हा आंकडा २१ कोटि टनांपलीकडे गेला. २०१२-१३ ह्या सालीं तर फळें, भाज्या, मसाले, फुलें इत्यादि सर्व बागाईती मालाचें वजन देशांतील एकंदर धान्याच्या वजनाहून अधिक भरलें, आणि तेव्हांपासून तें अधिकच राहिलें आहे. धान्यासाठीं परदेशाच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेल्या देशांत अर्ध्या शतकांत हें घडलें, ही सामान्य गोष्ट नव्हे. तीस वर्षांत लोकसंख्या दीडपटीहून थोडी अधिक वाढली. भाजी साडेतीनपटीहून अधिक वाढली. दर माणशी दर दिवशीं भागाकार करून पाहिलें तर १९९१ च्या सुमारास सुमारें १९० ग्रॅम येतात, २०११ च्या सुमारास ३३० च्या आसपास, आणि २०२२-२३ सालीं ४०० ग्रॅमच्या थोडे वर. आहारशास्त्र सांगणारी राष्ट्रीय संस्था माणसानें रोज ४०० ग्रॅम भाजी खावी म्हणते. म्हणजे कागदावर देशाचें भाजीचें ताट पुरतें भरलें आहे.

येथेंच थांबून टाळ्या वाजविल्या असत्या तर माझें काम सोपें झालें असतें. परंतु आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे कीं, खळ्यावर मोजलेला माल आणि गिऱ्हाइकाच्या पिशवींत पडलेला माल यांत फरक असतो. तो फरक कोठें कोठें पडतो तें पाहूं.

पहिली गोष्ट. ह्या २१ कोटि टनांत सुमारे ६ कोटि टन बटाटा आहे, ३ कोटि टन कांदा आहे, आणि २ कोटि टन टोमॅटो आहे. तीन मालांत निम्म्याहून अधिक वजन सरलें. हे तिन्ही माल उत्तम आहेत, त्यांच्यावांचून आपली फोडणी होत नाहीं. पण कांद्यानें रातांधळेपणा टळत नाहीं व बटाट्यानें अंगांत रक्त भरत नाहीं. बटाटा तर आहारशास्त्राच्या दृष्टीनें निम्मा धान्यांतच धरावा असा. हीं तीन वगळून बाकीच्या सर्व भाज्यांचा, म्हणजे वांगीं, भेंडी, गवार, कोबी, दुधी, दोडका, कारलें, मुळा आणि सर्व पालेभाज्या मिळून, हिशेब केला तर दर माणशी दर दिवशीं दोनशें ग्रॅमही पुरते भरत नाहींत.

दुसरी गोष्ट नासाडीची. निम्मी भाजी किंवा चाळीस टक्के भाजी सडून जाते असें सभांतून सर्रास सांगितलें जातें. मला हें खरें वाटत नाहीं. भारतीय कृषि संशोधन परिषदेच्या लुधियाना येथील संस्थेनें २०१५ सालीं जी पाहणी प्रसिद्ध केली तींत भाज्यांची नासाडी मालागणिक शेंकडा साडेचार ते साडेबारा इतकी आढळली. सर्वांत अधिक टोमॅटोची. हा आंकडाही लहान नाहीं. पण दुप्पट-चौपट करून सांगितल्यानें शेतकऱ्याच्या व अडत्याच्या माथीं नसता दोष येतो, आणि खरा प्रश्न बाजूस राहतो.

तो खरा प्रश्न म्हणजे भाजी कोणत्या गांवीं आणि कोणत्या महिन्यांत असते हा. देशाच्या एकंदर आंकड्यांत तो दिसत नाहीं. २०२३ च्या जुलै-ऑगस्टांत टोमॅटोचा भाव कांहीं शहरांत किलोस दोनशें रुपयांवर गेला, नेपाळांतून टोमॅटो आणवावे लागले. आणि सप्टेंबरांत तोच टोमॅटो आमच्या नारायणगांव-पिंपळगांवकडील शेतकऱ्यानें भाव नाहीं म्हणून रस्त्याच्या कडेला ओतला. वर्षाचें उत्पन्न पाहिलें तर त्या सालीं टोमॅटोचा दुष्काळ होता असें कोणी म्हणणार नाहीं. कांद्याची कथा तर लासलगांवच्या मंडळींनीं मलाच ऐकवावी. १९८० व १९९८ च्या निवडणुकांत कांद्याच्या भावानें काय केलें तें सर्वांस ठाऊक आहे. तेव्हांपासून कोणतेंही सरकार असो, भाव चढला कीं निर्यातीवर बंधन, आणि भाव पडला कीं शेतकऱ्याची विनवणी, हा क्रम चालत आला आहे. २०२३ च्या ऑगस्टांत कांद्यावर शेंकडा ४० निर्यातकर बसला, डिसेंबरांत निर्यात बंद झाली, २०२४ च्या मेमध्यें ती पुन्हा सुटली, उरलेला कर २०२५ च्या एप्रिलांत उठला. ह्यांत चूक कोणाची हें ठरविण्याचें हें ठिकाण नव्हे. सांगावयाचें इतकेंच कीं, ज्या मालाचा भाव तीन महिन्यांत दहापट वर-खालीं होतो, तो माल गरीब घराच्या ताटांतून सर्वांआधीं उठतो.

आतां टंचाईच्या गांवीं चला. १९७२ सालचा दुष्काळ पाहिलेलीं पांढऱ्या केसांचीं माणसें आपल्यांत आहेत. त्या सालीं धान्यच नव्हतें. परदेशांतून आलेला मिलो, आणि मुलांस वांटलेली सुकडी, ह्यांची चव त्यांच्या जिभेवरून गेली नसेल. लाखों माणसें खडीवर व पाझर तलावांवर राबलीं, आणि त्या अनुभवांतून वि. स. पागे यांच्या पुढाकारानें रोजगार हमी योजना उभी राहून १९७७ सालीं तिचा कायदा झाला. त्यानंतर २०१२-१३, २०१५-१६ असे दुष्काळ आले. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. २०१८ सालीं १५१ तालुक्यांत, २०२३ सालीं ४० तालुक्यांत सरकारनें दुष्काळ जाहीर केला. पण ह्या पुढच्या दुष्काळांत आणि १९७२ च्या दुष्काळांत एक मोठा भेद आहे. आतां धान्य आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांस माणशी महिन्यास पांच किलो धान्य मिळूं लागलें, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तें फुकट मिळतें. उपासमारीनें माणसें रस्त्यावर पडण्याचा दुष्काळ, देवाच्या दयेनें आणि राज्यव्यवस्थेच्या तजविजीनें, मागें पडला आहे.

म्हणून दुष्काळ संपला असें कोणी समजूं नये. तो आतां ताटाच्या उजव्या बाजूला बसतो.

तो कसा येतो पाहा. पाऊस जून-जुलैंत ओढ देतो. बांधावरची गवार, भेंडी, दारच्या मांडवावरचा दोडका हीं प्रथम वाळतात, कारण तीं कोणी पाणी घालून वाढवीत नाहीं. उरलेलें पाणी माणसांस व जनावरांस लागतें. रब्बी हुकली कीं हरभऱ्याचा कोंवळा पाला गेला, मेथी गेली, चाकवत गेला. घरची भाजी बंद झाली म्हणजे आठवडेबाजाराची वाट धरावी लागते, आणि त्याच वेळीं हातांत मजुरी नसते. ज्या थोड्यांच्या विहिरीस पाणी आहे ते आपली भाजी, स्वाभाविकपणें, जेथें भाव आहे तेथें धाडतात. रात्रीं टेंपो भरून वाशीस किंवा पुण्यास जातो, आणि ज्या शिवारांत ती भाजी पिकली त्याच शिवारांतील मजुराच्या घरीं सकाळीं भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा असतो. मी ह्यांत बागाईतदाराला दोष देत नाहीं. त्यानें टँकरचें पाणी विकत घेऊन तें पीक जगविलेलें असतें. परंतु ह्यामुळें असें होतें कीं, दुष्काळी तालुक्यांतून भाजी बाहेर जाते, आंत येत नाहीं. धान्य उलट दिशेनें वाहतें, कारण तें वाहून नेणारी सरकारी यंत्रणा आहे. भाजीला तशी यंत्रणा कधींच नव्हती व आजही नाहीं.

आणि पूर्वीं जो एक आधार होता तो झिजला आहे. मीं प्रारंभीं सांगितलेली माळावरची भाजी देशाच्या हिशेबांत कधींच धरली जात नव्हती. तिचा टन कोणी मोजला नाहीं. बाजरीच्या रानांत वाळकें व शेंदाडें असत, ज्वारींत अंबाडीचें तास असे, तणांत तांदुळजा व घोळ असे, खुरपतांना बायका ओटींत भाजी घेऊनच घरीं येत. सोयाबीन, कपाशी व ऊंस यांचीं सलग रानें झालीं, खुरप्याच्या जागीं तणनाशकाची फवारणी आली, गायरानें आकसलीं. म्हणजे बाजारची भाजी साडेतीनपट वाढली त्याच तीस वर्षांत बिनमोलाची भाजी कमी होत गेली. ज्याच्या हातीं पैसा आहे त्याचा ह्या व्यवहारांत नफा झाला. ज्याच्या हातीं नाहीं, त्याचा तोटाच झाला असें माझें मत आहे, आणि चांगल्या सालीं तो झांकला जातो म्हणून आपणांस दिसत नाहीं.

परिणाम शरीरावर दिसतात, पण सावकाश. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें; पांच वर्षांखालील मुलांत शेंकडा ६७. ह्या पांडुरोगाचें कारण एकटी भाजी नव्हे हें खरें. तरी लोह, क व अ जीवनसत्त्वें हीं गरिबाला स्वस्तांत जर कोठून मिळणार असतील तर तीं पाल्यांतून. धान्याच्या पोत्यानें पोट भरतें. गरोदर बाईच्या अंगांत रक्त भरत नाहीं. एक दुष्काळी वर्ष हें तिच्या मुलाच्या सबंध आयुष्याचा पाया असतें. शेजारीं चारा-छावणी असली तर त्या बाईचें सारें बिऱ्हाडच जनावरांबरोबर तेथें येऊन पडतें. २०१३ व २०१९ सालीं हें आपण सर्वांनीं पाहिलें. जनावरास किलोवर ऊंस-मका मोजून मिळत होता. त्याच छपराखालीं शिजणाऱ्या माणसांच्या स्वयंपाकांत भाजी किती, हें विचारणारा मात्र कोणी नव्हता.

समितीनें म्हणून असा विचार केला आहे कीं, पुढील टंचाईसाठीं धान्य व चारा यांच्या जोडीला भाजीचा एक निराळा निधि आतांच उभारावा. टंचाईची हांक कानावर नसतांना वर्गणी मागणें हें अवघड काम आहे हें मी जाणतों. पण भाजी ही अशी जिन्नस आहे कीं तिची तयारी आधींच व्हावी लागते. दुष्काळ जाहीर झाल्यावर बी पेरून भाजी येत नाहीं, आणि त्या वेळीं विकत घेऊं गेलें तर पैशाला निम्मा मालही पदरांत पडत नाहीं.

हिशेब मोठा नाहीं. शास्त्राचे ४०० ग्रॅम आपण दुष्काळांत देऊं शकणार नाहीं. त्याच्या निम्मे, २०० ग्रॅम, धरूं. शंभर माणसांच्या एका स्वयंपाकास दिवसाला वीस किलो, महिन्यास सहा क्विंटल, आणि मार्च ते मे ह्या तीन कठीण महिन्यांस अठरा क्विंटल. ह्या सभेंत बसलेल्या कांहीं पेढ्यांच्या एका सकाळच्या उलाढालीपेक्षां हें कमी आहे.

व्यापारी मंडळींकडे मागणें आहे तें टिकाऊ मालाचें. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्यें निघून चाळींत पडतो आणि दिवाळीपर्यंत राहतो. लाल भोपळा सावलींत कित्येक महिने टिकतो. बटाट्यास शीतगृह आहे. ह्यांतला ठराविक भाग हंगामांतच, भाव उतरलेला असतांना, समितीच्या नांवें बाजूला टाकावा. एक गोष्ट स्पष्ट सांगतों, राग नसावा. बाजारांत न खपलेला, मऊ पडलेला माल सायंकाळीं गाडींत घालून छावणीवर पाठविणें ह्याला समिति दान समजणार नाहीं. तो माल निवडण्यास माणसें लागतात, अर्धा फेंकावा लागतो, आणि घेणाऱ्यास आपली किंमत काय हें न सांगतां कळतें.

बागाईतदारांकडे मागणें निराळें आहे. ज्यांच्या विहिरीस किंवा शेततळ्यास उन्हाळ्यांतही पाणी असतें त्यांनीं दोन-चार गुंठे पालेभाजीसाठीं राखावे. तांदुळजा, पालक, मेथी तीन-चार आठवड्यांत हातीं येतात. ऊंस वर्षभर जें पाणी पितो त्याच्या मानानें ह्या तुकड्याचें पाणी हिशेबांत धरण्यासारखें नाहीं. ही भाजी समिति फुकट मागत नाहीं. दुष्काळांत भाजी फुकट वांटली तर जो लहान शेतकरी हंड्यानें पाणी घालून चार वाफे जगवितो त्याचा बाजार बुडतो, आणि पुढच्या सालीं तो वाफा करीतच नाहीं. म्हणून समिति वाजवी भावानें विकत घेईल, आणि तींतही लहानाकडून आधीं. मोठ्यांनीं भाव सोडावा कीं नाहीं हा त्यांच्या मनाचा प्रश्न आहे.

वाळवण्याची जुनी रीत पुन्हा चालू करण्याचा विचार भगिनींच्या शाखेनें केला आहे व तो मला फार पसंत आहे. गवारीच्या शेंगा, हरभऱ्याचा व मेथीचा पाला, कोहळ्याचे सांडगे हीं आपल्या घरांतून दर हिंवाळ्यांत होत असत. हिंवाळ्यांत भाजी मातीमोल होते तेव्हां ती विकत घेऊन गरजू बायांकडून मजुरीनें वाळवून ठेविली तर मजुरीही मिळते व मालही राहतो. ताज्या भाजीचे सर्व गुण तींत उरत नाहींत, क जीवनसत्त्व तर उन्हांत बव्हंशीं जातें. पण लोह जात नाहीं. पाला सावलींत वाळवावा, म्हणजे रंग व अ जीवनसत्त्वाचा बराच भाग राहतो.

उरलें बियाणें. दुष्काळानंतर पहिला पाऊस पडला कीं शेतकरी बाजरी-सोयाबीनच्या बियाण्यासाठीं कर्ज काढतो. भाजीच्या बियाण्यास पैसा उरत नाहीं, आणि घरचें राखलेलें बीं टंचाईंत खाऊन किंवा किडून गेलेलें असतें. पांच माणसांच्या कुटुंबास वर्षभर भाजी पुरविण्यास दोन-अडीच गुंठे परसबाग पुरते. तितक्या जागेचें बियाणें म्हणजे गवार, भेंडी, दोडका, दुधी, वाल, अंबाडी, तांदुळजा यांच्या लहान लहान पुड्या आणि शेवग्याचीं दोन रोपें. हीं बियाणें संकरित नसावीं, गांवठी किंवा सरळ वाणाचीं असावीं, म्हणजे घरचें बीं धरतां येईल. शेवग्याविषयीं मी जरा हट्टी आहें हें मित्रांस ठाऊक आहे. तें झाड एकदां लागलें कीं फारसें पाणी मागत नाहीं, उन्हाळ्यांतही पाला देतें, आणि ज्या घरामागें तें आहे त्या घरची बाई भाजीसाठीं कोणाच्या दारीं जात नाहीं. भूमिहीन मजुराच्या झोंपडीमागें दोन-अडीच गुंठे नसतात. एका झाडापुरती जागा बहुधा निघते.

वर्गणीचे तीन कागद आतां सभेंत फिरतील. एक रोख रकमेचा, एक मालाचा, आणि एक जमिनीच्या गुंठ्यांचा. मालाच्या कागदावर जिन्नस, वजन आणि तो कोणत्या महिन्यांत देणार तें लिहावें. गुंठ्यांच्या कागदावर गांव आणि पाणी कोठवर पुरतें तें लिहावें, म्हणजे कोणत्या गांवचा स्वयंपाक कोणत्या मळ्याशीं जोडावयाचा हें चिटणीसांस पावसाळ्यापूर्वींच ठरवितां येईल. ज्यांना आज लिहिणें सोईचें नाहीं त्यांच्याकडे समितीचे सभासद ह्या पंधरवड्यांत घरीं येतील. रोख रकमेची पावती येथेंच मिळेल.